दोन घंटांमधला सूर

आबा, देशमुखांच्या घंटेला तडा गेला. ऐन नवरात्रात, आरती चालू असताना एका पोरानं दोरी ओढली आणि फुटक्या खापरावर काठी मारावी तसा आवाज आला. पुजाऱ्याला वाटलं, पोरानं काही चावटपणा केला. त्याला एक धपाटा घालून त्यानं स्वतः दोरी ओढली, तर तोच आवाज. मी मंडपात नेहमीच्या खांबाशी बसले होते. खरं सांगते, मला आधी बरंच वाटलं. एवढी वर्षं ती बया माझ्या डोक्यावर वाजत होती, झाली एकदाची गप्प, असं मनात आलं. मग घरी येऊन भाकरी थापायला बसले आणि हात थांबला. त्या घंटेपायी तुमचं काय काय गेलं ते एकेक आठवायला लागलं आणि तव्यावरची भाकरी करपली. लेक म्हणाली, "आई, ध्यान कुठं हाय तुजं?" मी म्हटलं, आबाकडं हाय.

तुम्ही होतात तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. आता येतं. नातू शाळेतून आला की त्याच्याच पाटीवर मी अक्षरं गिरवत बसायचे, आणि माझ्या जोडाक्षरांना तो अजून हसतो. चुका दिसल्या तर सोडून द्या. तुम्हाला तर वाचता येतच नव्हतं, म्हणजे ती एक काळजी मिटली.

गावात आता एक मास्तर आलेत, बीडकडचे. माणूस चांगला आहे, पेटी वाजवतो, देवळात भजन बसवतो. घंटा फुटल्यावर गावानं ठरवलं की नवी ओतून घ्यायची, आणि ओतायचीच तर आपल्या जुन्या घंटेच्या सुराची, देशमुखांनी छावणीतून आणलेल्या या परक्या घंटेची नाही. म्हणून मास्तर माझ्याकडे विचारायला आले, "तुमच्या वडिलांची सनई कोणत्या पट्टीत होती?" मी म्हटलं, घंटेच्या. त्यांना वाटलं मी थट्टा करते. मग त्यांना ओट्यावर बसवून मी सांगितलं, की देवळात सनई वाजत असते तेव्हा घंटाही वाजत असते. बाळंतीण लेकरू घेऊन येते, कोणी बाजाराला जाता जाता टेकतो, आणि जो तो दोरी ओढतो. त्याला सनईशी काही देणंघेणं नसतं. सनई त्या सुरात नसेल तर प्रत्येक ठोक्याला ऐकणाऱ्याच्या दाताखाली खडा येतो. म्हणून आमच्यात सनई घंटेला लावायची. आपली घंटा आपल्या सुराची, चकलांब्याची जराशी खाली, शिरूरची वर. ज्या गावच्या जत्रेला जायचं, त्या गावची पत्ती सनईच्या तोंडाला बसवायची. आपल्या पत्तीला लाल दोरा, चकलांब्याच्या पत्तीला पिवळा, शिरूरच्या पत्तीला काळा, आणि सगळ्या पत्त्या एका बांबूच्या नळकांड्यात. मास्तरांनी विचारलं, मग यातला खरा सूर कोणता? मी म्हटलं, तुम्ही जिथं उभे असाल तिथला. त्यांनी चहा मागून घेतला.

त्या पत्त्या मी करत होते, हे ऐकून मात्र त्यांना नवल वाटलं. आई मी रांगत असतानाच गेली, त्यामुळे आपल्या घरात चूलही माझी आणि पत्त्याही माझ्या. ताडाचं पान भिजत घालायचं, तव्याच्या वाफेवर धरायचं, दुमडून त्या इवल्याशा पितळी नळीवर दोऱ्यानं आवळायचं. मग ओठात धरून नुसती पत्ती वाजवून बघायची, तर करडू ओरडावं तसा आवाज. तुम्ही चुलीसमोर उकिडवे बसून डोळे मिटून ऐकता. एक बोट वर करता, म्हणजे अजून तासायची. दोन्ही हात गुडघ्यावर ठेवता, म्हणजे झाली. नंतर टळटळीत दुपारी, देवळात कोणी नसताना, आपण दोघं जायचो. तुम्ही घंटेला बोटाच्या पेरानं टिचकी मारायचात, ती आतल्या आत बोलायची, आणि मी पायरीवर बसून पत्ती वाजवायचे. काका होते तोवर दुसऱ्या सनईवर ते नुसता सूर धरून बसत. ते गेल्यावर तुम्ही दुसरा माणूस जोडीला घेतला नाहीत. कोणी विचारलं तर म्हणायचात, "घंटा हाय की सूर धराया. ती न्हाई दमत."

मग देशमुखांची घंटा आली. मोमिनाबादच्या पलटणीच्या छावणीतलं जुनं सामान लिलावात निघालं होतं, तिथून देशमुखांनी ती बैलगाडीत घालून आणली. त्यांचा मुलगा तापातून उठला होता, त्याचा देवीला नवस होता. दिसायला देखणी घंटा, वर इंग्रजी अक्षरं. तहसिलीतला कारकून आला होता, त्यानंही त्या अक्षरांवरून हात फिरवून नुसती मान हलवली, त्याचं सगळं शिक्षण उर्दूत. देशमुखांनी ती जुन्या घंटेच्या शेजारीच टांगायला लावली. जुनी काढा, असं तेव्हा कोणी म्हणालं नव्हतं, तेही म्हणाले नव्हते. देवीला एकाला दोन घंटा झाल्या म्हणून गाव खूश होतं. खूश नव्हतात ते एकटे तुम्ही.

नवी घंटा जुनीपेक्षा जराशीच वर होती. चांगली वर असती तर निभावलं असतं, दोन वेगळे सूर आहेत म्हणून कानानं सोडून दिलं असतं. पण हा एवढासा फरक डोळ्यात गेलेल्या कुसळासारखा. त्यात माणसं दोन्ही दोऱ्या एकापाठोपाठ ओढायची, न जाणो देवीला एक ऐकू गेली नाही तर दुसरी जाईल. तुम्ही जुनीला धरून वाजवलंत तर नवी खोटं पाडायची, नवीकडे सरकलात तर जुनी. नगारखान्यातून उतरताना तुमचा चेहरा उपाशी माणसासारखा व्हायचा. त्याच दिवसांत मी एक शहाणपणा केला. तुम्ही आंघोळीला गेला होतात, मी सनई उचलली आणि लाल दोऱ्याचीच पत्ती ठेवून जोरात फुंकली. छातीतली होती तेवढी हवा घातली, ओठ आवळले, आणि सूर चढला, अगदी नव्या घंटेइतका. मला कोण आनंद झाला. तुम्ही ओल्या अंगानं बाहेर आलात तेव्हा मी म्हटलं, "आबा, जमतंय. जरा जोर लावला की चढतंय." तुम्ही सनई माझ्या हातातून घेतलीत, पंच्याच्या टोकानं पुसलीत आणि म्हणालात, "हवेनं सूर चढवायचा न्हाई. चढवलेला सूर उसना असतो. उसन्यावर किती दिस काढशील?" तुम्ही मला त्याआधी कधी रागावला नव्हतात. त्या दिवशी जेवताना मी ताटाकडे बघून रडले.

जत्रेच्या सकाळी सगळं गाव मंडपात असताना देशमुखांनी वर नगारखान्याकडे बघून तुम्हाला खाली बोलावलं. "काय रे, सनई बिघडली का तुजी? कावून अशी रडायलीय?" तुम्ही हात जोडलेत. मी बायकांच्या गर्दीत होते, पण मला शब्दन् शब्द ऐकू आला. "सनई न्हाई बिघडली, मालक. दोन घंटा हाईत. मला एका येळंला एकच सूर धरता येतो. दोन्हीतली कोन्तीबी एक ठिवा, मी तिला लावून घेतो." देशमुखांनी वर बघितलं, आधी एकीकडे, मग दुसरीकडे. "मंग जुनी काढा," ते म्हणाले. "तशीबी लई जुनी झालीय." झालं. दुपारपर्यंत शिडी लागली.

तुम्हाला वाटलं होतं का आबा, की ते स्वतःची काढतील? मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही सुरापुरतं बोललात आणि कोणाशी बोलतोय ते विसरलात. एक सूर ठेवा म्हणजे दोनातला बरोबर कोणता ते कोणालाही ऐकू येईल, असं तुम्हाला खरंच वाटत असणार. तुमच्या जागी दुसरा कोणीही असता तर त्यानं गप्प बसून दोन्ही घंटांचा गोंधळ वाजवला असता, बिदागी घेतली असती आणि घरी गेला असता. ते तुम्हाला जमलं नाही. याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. आता काय वाटतं, ते मला नीट सांगता येत नाही.

ती जुनी घंटा कोणा एकाची नव्हती, हे तुम्ही मला लहानपणी सांगितलं होतं. दुष्काळ उतरल्यावर घरटी एकेक भांडं गोळा करून शिरूरच्या कासाराकडून ती ओतून घेतलेली, आपल्या आजीची लोटीही तिच्यात होती. ती मोडीत निघाली, तिच्या समया झाल्या. देशमुखांना बोलायची कोणाची टाप नव्हती, पण तुम्हाला बोलायला सगळे मोकळे होते. नदीवर एका बाईनं माझा हंडा बाजूला सारून मला सांगितलं, "तुज्या बापाच्या कानाला सोसंना म्हणून आमच्या सासूची परात मोडीत गेली." मी घरी येऊन तुम्हाला ते जसंच्या तसं सांगितलं. तुम्ही पत्तीचा दोरा आवळत होतात. म्हणालात, "मोठी परात होती. घंटेच्या आवाजात कळायची." तेवढंच. स्वतःच्या बाजूनं एक शब्द तुम्ही कधी काढला नाहीत, आणि गावानं तुमचं गप्प राहणं म्हणजे कबुली धरली.

मग एका सकाळी तुम्ही सुताराकडून बारीक करवत आणलीत. तो म्हणाला होता, मी देतो कापून. तुम्ही त्याला सांगितलंत, "न्हाई. बापाची सनई हाय, मीच कापतो." लाकूड वरच्या तोंडाकडून आखूड केलं की सूर चढतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. अंगणात पोतं पसरलं, मी खालचा पितळी पेला दोन्ही हातांनी धरून बसले. तुम्ही ओला दोरा गुंडाळून माप घेतलंत, पुन्हा घेतलंत, नखानं रेघ ओढलीत. आणि मग करवत त्या रेघेवर न ठेवता तिच्या अलीकडे, तोंडाच्या बाजूला ठेवलीत. मला वाटलं हात सरकला. मी म्हटलंसुद्धा, "आबा, रेघ तिकडं हाय." तुम्ही म्हणालात, "गप. नीट धर." बाहेरून काळं पडलेलं लाकूड आतून पिवळं निघालं. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढ्या रुंदीचं एक कडं पोत्यावर पडलं. तुम्ही ते फुंकर मारून साफ केलंत आणि माझ्या हातावर ठेवलंत. "जपून ठिव." मला वाटलं खेळायला दिलंत.

सनई नव्या घंटेला लागली. देशमुखांनी तुम्हाला शेला दिला. त्यानंतर तुम्ही मला पत्ती घेऊन कधी देवळात नेलं नाहीत. माझ्याकडून फक्त आखूड आणि कडक पत्त्या मागायचात, आणि मी त्या करून द्यायचे. नगारखान्यातून उतरताना तुमचे डोळे लाल असायचे, कपाळाच्या शिरा फुगलेल्या. घरी मात्र तुम्ही वेगळं वाजवायचात. दुपारी मी मागच्या दारी भांडी घासत असते, तुम्ही भिंतीला टेकून जुनी मऊ पत्ती लावता आणि अगदी हळू, काही जोर न लावता वाजवता. मध्येच थांबून म्हणता, "राख लई घ्यायलीस." पुन्हा वाजवता. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात शांत काही असेल तर त्या दुपारी.

माझं लग्न झालं, शिरूरकडे दिलंत. नवरा लवकर गेला आणि मी मांडीवरची लेक घेऊन तुमच्याकडेच परत आले. तिला दात यायला लागले तेव्हा मी ते कडं तिच्या हातात दिलं होतं, दिवसभर चावत बसायची. तुम्ही एकदा ते तिच्या तोंडातून काढून घेतलंत, उजेडात धरून बघितलंत, पुसून परत दिलंत. "चावू दे. लांबीला काय होत न्हाई." म्हाताऱ्याचं काहीतरी, म्हणून मी हसले. तोवर तुम्हाला धाप लागायला लागली होती. बीडच्या हकिमानं फुंकणं सोडा म्हणून सांगितलं, तुम्ही मान डोलावलीत आणि पुढच्याच नवरात्रात पुन्हा चढलात. त्या थंडीत तुम्ही गेलात. न्यायला माणसं आली, येणारच, पण त्यातही कोणी तरी मागे बोललंच की घंटा काढणारा चालला. मी ते ऐकलं, आणि तो माणूस अजून जिवंत आहे, रोज मला रामराम घालतो.

आता इथलं ऐका. गेल्या आठवड्यात मंडपात बैठक झाली. मास्तर पेटी घेऊन बसले आणि म्हणाले, ज्यांनी जुनी घंटा ऐकलीय त्यांनी तिचा सूर म्हणून दाखवावा, मी पट्टी शोधतो. एकानं नाकातून हुंकार दिला. मास्तरांनी एक पट्टी दाबली. दुसरा म्हणाला, "लई खाली घ्यायलास बे, तुला खोकला हाय," आणि त्यानं वरचा काढला. तिसऱ्यानं डोळे मिटून आणखी भलताच. जितके म्हातारे तितक्या पट्ट्या, आणि प्रत्येकाची खात्री अशी की शपथ घ्यायला तयार. पोरं हसून लोळली. मलाही हसू आलं, पण मला कळत होतं की आता माझ्याकडे बघणार. तसंच झालं. सगळ्यात थोरला म्हातारा, तोच रामराम घालणारा, म्हणाला, "सनईवाल्याच्या लेकीला इचारा. घंटा त्यांच्या पायी गेली, त्यांनीच आनून द्यावी." आबा, त्याच्या बोलण्यात वैर नव्हतं. साधा व्यवहार सांगावा तसं तो बोलला, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, देते.

शिरूरचा कासार तिथंच होता, घराघरातून भांडी गोळा करायला आलेला. त्यानं मला समोर बसवून पद्धत समजावली. "मी जरा वरच्या सुराची ओतून आनतो. मंग हितं देवळात बसून आतून खरवडीन. खरवडलं की सूर खाली येतो. मी खरवडायचं आन् वाजवायचं, खरवडायचं आन् वाजवायचं. तुमी ऐका. यायचा तिथं आला की 'बस' म्हना. पर एक ध्यानात ठिवा बाई, खाली गेलेला सूर पुना वर येत न्हाई." मी त्याला तुमची पाण्याची लोटी दिली. ती घेऊन तो गेला.

काल दुपारी मी मास्तरांची पेटी घरी मागून घेतली. त्यांनी लेकीला दाखवून ठेवलं होतं, ही काळी दोन, देशमुखांची घंटा बरोबर या पट्टीत होती, आम्ही भजन त्याच पट्टीत म्हणायचो. आणि ही तिच्या लगेच खालची पांढरी दोन. मी पेटीतून सनई काढली, म्हणजे कपड्यांच्या, मास्तरांच्या नाही. नवी पत्ती केली. बोटांना सगळं आठवत होतं, मला नव्हतं. दार लोटून घेतलं आणि तुम्ही शिकवलंत तसं, जोर न लावता, फुंकलं. आबा, पहिल्याच फुंकरीला माझ्या अंगावर काटा आला. हाच. जुन्या घंटेचा सूर म्हणून एवढी वर्षं जो माझ्या कानात आहे तो हाच. मी लेकीला म्हटलं, सापडला. तिनं काळी दोन दाबली, तर सनई तिच्या खाली. पांढरी दोन दाबली, तर सनई तिच्या वर. दोन्हींच्या मधे, जिथे पेटीला पट्टीच नाही, तिथे सनई. लेक म्हणाली, "आई, पर ही तर कापलेली सनई हाय ना? मंग ही देशमुखांच्या घंटेला कावून लागंना?"

मी कापलेल्या तोंडावरून बोट फिरवलं. मग सनई पुन्हा तोंडाला लावली आणि लहानपणी केलं होतं तसं केलं, ओठ आवळून होती नव्हती तेवढी हवा घातली. सूर चढला, काळी दोनला जाऊन भिडला. चार श्वास मी तो धरला असेल. डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत कळ गेली आणि लेकीनं माझ्या हातातून सनई काढून घेतली. तेव्हा मला कळलं की तुम्ही नगारखान्यात इतकी वर्षं काय करत होतात. करवत सरकली नव्हती. रेघ देशमुखांच्या घंटेची होती, आणि तुम्ही निम्मंच कापलंत. उरलेलं निम्मं रोज छातीनं भरलंत. मला ज्यासाठी रागावला होतात तेच. उसना सूर.

मग मी ते कडं आणलं. लेकीचे दुधाचे दात त्यावर अजून उमटलेले आहेत. मेण लावून ते सनईच्या तोंडाशी बसवलं, वर पत्ती, आणि हळू फुंकलं. सूर खाली आला, पांढरी दोनच्या अगदी जवळ, केसभर खाली. म्हणजे जुनी घंटा ही. लाकूड खोटं बोलणार नाही, तुम्हीच म्हणाला होतात की लांबीला काही होत नाही. मी पुन्हा पुन्हा वाजवला, आणि मला तो ओळखू आला नाही. एखाद्या परगावच्या देवळातला वाटला. जी घंटा मी लहानपणी रोज ऐकली, जिच्याखाली बसून पत्त्या लावल्या, तिचा सूर माझ्या कानातून केव्हाच गेला, आणि त्याच्या जागी तुमच्या दुपारच्या सनईचा सूर बसला. तो कोणत्याच घंटेचा नाही. तो आपल्या मागच्या दाराचा आहे.

मला तुमचा राग आलाय, आबा. तुमचा हात धजला नाही, की त्या घंटेला पुरतं काही द्यायचं नाही असं ठरवलं होतंत? ठरवलं असेल तर किंमत तुमच्या छातीनं मोजली, आणि ते कोणाला कळलंसुद्धा नाही. गाव तुम्हाला घंटा काढणारा म्हणत राहिलं, देशमुखांना तुम्ही त्यांचे वाटलात, आणि मी शेजारी बसून कडक पत्त्या तासत होते. एकदा तरी मला सांगायचं होतंत. मी काही केलं नसतं, करण्यासारखं नव्हतंही. पण तुमच्याजवळ बसले तरी असते.

कासार उद्या घंटा घेऊन येणार आहे. सगळं गाव जमणार. ती आधी वर वाजेल. मग तो खरवडायला लागेल आणि ती उतरत उतरत देशमुखांच्या घंटेवर येईल, तिथे म्हातारे माना हलवतील. मग आणखी उतरेल, आणि मधे कुठे तरी तुमच्या दुपारचा सूर येईल. देवळातल्या घंटेत, सगळ्या गावासमोर, पहिल्यांदा. मी तिथे बस म्हणाले तर कोणालाही कळणार नाही. मास्तरांच्या पेटीत त्याला जागा नाही, आणि म्हातारे तर काहीही ऐकून डोळे पुसतील. तो सूर मग गावात राहील, माझ्यामागे, नातवाच्या मागे. आणि आपल्याच घरानं गावाची घंटा दुसऱ्यांदा घालवली, हे फक्त माझ्या लेकीला माहीत असेल. तिनं ते आत्ताच ओळखलंय. सकाळी म्हणाली, "तू कडं लावूनच सनई मांडीवर घिऊन बस. म्हंजी चुकणार न्हाईस." शहाणी आहे, तुमच्यावर गेलीय. तिचं बरोबर आहे. तुमच्यावरचा बोल पुसायचा तर गावाला त्याचाच सूर परत द्यायला हवा, आणि तुमचा माझ्यासमोरून खाली जाऊ द्यायला हवा. एकदा खाली गेला की परत येणार नाही.

हा कागद पाठवायला ठिकाण नाही आणि चुलीत घालायला जीव होत नाही. पत्त्यांच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवीन. उद्या तुमचा सूर आला की मी गप्प बसेन आणि तो जाऊ देईन, एवढंच तुम्हाला कळवायचं म्हणून लिहायला बसले होते. बाकी सगळं लिहून झालं. तेवढं एक वाक्य मला मनापासून लिहवत नाही, आबा.